अकराचं इंजेक्शन

आमच्या देवबागात बाईचं डोकं फिरलंय असं कोणी तोंडावर म्हणत नाही. "तुझा बरा चालला मा गो?" असं विचारतात आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत. त्या वर्षी श्रावणापासून पितृपक्षापर्यंत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला, की शेवटी शेवटी मी "नाय चालला" असंच सांगायला लागले. त्याने निदान विचारणारा जरा गप्प तरी व्हायचा.

कारण एवढंच होतं, की मी एका मांजराला रोज इंजेक्शन देत होते.

मांजर खरं तर माझं नव्हतं, नवऱ्याचं. तो होड्यांच्या इंजिनांचा मेस्त्री होता. खाडीच्या अंगाला ओढून ठेवलेल्या एका होडीत, इंजिनाच्या खोक्यातल्या चिंध्यांत हे पिल्लू त्याला सापडलं. तळहाताएवढं, तीन रंगांचं, आणि अंगावर केस गेलेले गोल गोल चट्टे. गजकर्ण होतं ते. गजकर्णावर इंजिनातून काढलेलं काळं तेल चोळायचं, हे आमच्याकडच्या मेस्त्र्यांना कोणी शिकवावं लागत नाही. ते स्वतःच्या मांड्यांना चोळतात, कुत्र्यांना चोळतात. यानेही मोठ्या प्रेमाने पिल्लाला चोळलं. पिल्लाने ते चाटून साफ केलं आणि दिवसभर ओकत राहिलं. मग घाबरून त्याला पिशवीत घालून आम्ही कुडाळला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

बाई वयाने लहान, पण बोलायला कडक. "मांजर अंगावरचं सगळं चाटून पोटात घेतं," त्या म्हणाल्या. "तेल नको, तुमचं मलमसुद्धा नको. मी बुरशीचं औषध देते, ते तोंडातून द्यायचं. रोज, ठरलेल्या वेळी. चट्टे गेले म्हणून मध्येच बंद करायचं नाही. दिसायचं थांबतं म्हणजे संपतं असं नाही."

नवरा शाळेतल्या पोरासारखी मान हलवत होता. स्वतःची रक्तदाबाची गोळी आठवड्यातून चारदा विसरणारा माणूस, पण त्या औषधाचा त्याने एक दिवस चुकवला नाही. अकरा वाजता तो चहाला घरी यायचा. हात रॉकेलने पुसायचा, मग साबणाने धुवायचा, मग बिनसुईच्या पिचकारीत औषध ओढून हाक मारायचा, "ये गो." मांजराला त्याने नाव ठेवलंच नाही. 'गो' हेच नाव. आणि ती यायची. मी शिलाई मशीनवरून बघायची आणि म्हणायची, माझ्यासाठी एवढं कधी घड्याळाकडे बघितलंत? तो हसायचा. चट्टे गेले, केस आले, औषध संपलं, तरी अकराला त्याच्या पायाशी येऊन बसायची सवय काही मांजराने सोडली नाही.

त्याच वर्षी उन्हाळ्यात कोरोनाने त्याला धरलं.

त्याबद्दल फार लिहीत नाही. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना सांगायला नको. तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दारात माझ्या हातात एक चिठ्ठी दिली आणि सांगितलं, हे इंजेक्शन कुठे मिळतं का बघा. रेमडेसिविर. ते नाव तेव्हा शाळेची पायरी न चढलेल्या माणसांनाही पाठ झालं होतं. दिराच्या स्कूटरवर मागे बसून मी कुडाळ पालथं घातलं, कणकवली घातली, सावंतवाडी घातली. औषधाच्या प्रत्येक दुकानात चिठ्ठी पुढे केली की आतला माणूस ती हातात न घेताच मान हलवायचा. थोरली नणंद मालवणला तिच्या घरी बसून गोव्यापासून मुंबईपर्यंत फोन लावत होती. पोरवयात आई गेल्यावर नवऱ्याला तिनेच वाढवलं होतं, त्यामुळे भाऊ म्हणण्यापेक्षा तो तिचा मुलगाच. "गावला काय गो?" ती मला विचारायची, म्हणजे मिळालं का. "तुमका गावला काय?" मी तिला विचारायची. दोघींचं उत्तर एकच.

तो गेला तेव्हा चिठ्ठी माझ्या ब्लाउजमध्ये होती, घामाने शाई फुटलेली. ती मी बटणांच्या डब्यात ठेवली. पुढे एका डॉक्टरांनी मला समजुतीने सांगितलं, "मिळालं असतं तरी वाचलेच असते असं नाही." खरंही असेल. पण जिने तीन तालुके धुंडाळले तिला हे वाक्य काय कामाचं? मला ते तेव्हा पटलं नाही आणि आजही मी ते कोणाकडून ऐकून घेत नाही.

मग तीन वर्षांनी, आषाढाच्या शेवटी, मांजराचं पोट फुगलं.

आधी वाटलं गाभण आहे. पण पाठीचा कणा वर आला होता, डोळे निस्तेज, कान गरम, आणि ताज्या बांगड्याचं डोकं पुढे ठेवलं तरी तोंड फिरवत होती. देवबागातलं मांजर बांगड्याला तोंड फिरवतं म्हणजे काय ते आमच्या गावात कोणालाही कळेल. झाकणाच्या टोपलीत घालून मी एस्टीने कुडाळ गाठलं. बाईंनी पोटाला बारीक सुई लावून पाणी काढलं. पिवळं आणि चिकट, बोटांत धरलं तर तार सुटेल असं. काचेच्या नळीत साधं पाणी घेऊन त्यात त्यांनी जरा व्हिनेगर टाकलं आणि वरून त्या पिवळ्या पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब विरघळला नाही. तसाच लोंबत खाली गेला.

"काकी, बसा," बाई म्हणाल्या.

बसायला सांगतात तेव्हा काय ऐकायचं असतं ते मी शिकले होते, म्हणून उभीच राहिले.

"हा मांजरांचा आजार आहे. विषाणूचा. खरं सांगायचं तर हाही कोरोनाच, पण मांजरांचा वेगळा. माणसांना होत नाही, घाबरू नका. बहुतेक मांजरांच्या पोटात तो असतो आणि काही करत नाही. एखाद्या मांजराच्या अंगात तो बदलतो आणि मग असं होतं. काही वर्षांपूर्वी मी तुम्हाला सांगितलं असतं, घरी न्या आणि जवळ बसा. आता औषध आहे. ते मांजराच्या नावाने बनलेलं नाही, माणसांचंच आहे." त्यांनी कागदावर नाव लिहिलं. "रेमडेसिविर."

मला हसू आलं. खरंच आलं. बाई घाबरल्या, त्यांना वाटलं मला काही झालं. मी विचारलं, "मिळतं?"

"आता मिळतं."

"कुठे?"

"माझ्याकडे फ्रिजमध्ये दोन बाटल्या आहेत. बाकीच्या मागवते."

मी त्यांच्या फ्रिजकडे बघत राहिले. पांढरा, साधा, वर मांजराच्या खाण्याची जाहिरात चिकटवलेला. तीन वर्षांपूर्वी असा एक फ्रिज मला कोणी उघडून दाखवला असता तर मी त्याच्यापुढे पालथी पडले असते. आत्ता मात्र मी अशी संतापले, की कोणावर ते मला कळेना. बाईंवर नाही, मांजरावर नाही. त्या मिळण्यावरच. मग म्हटलं, द्या. आत्ता सुरू करा.

चौऱ्याऐंशी दिवस, बाईंनी सांगितलं. रोज एक इंजेक्शन, कातडीखाली, त्याच वेळी. मध्येच सोडलं तर आजार उलटतो आणि मग औषध नीट चालत नाही. सुई टोचली की आग होते, मांजर ओरडतं, चावतं. रोज कुडाळला येणं जमायचं नाही, तेव्हा तुम्हीच शिकायचं. त्यांनी वेळ विचारली. मी म्हटलं, अकरा.

सुईची भीती मला कधी नव्हती, तीस वर्षं ब्लाउज शिवतेय. पण कापड ओरडत नाही. पहिल्या दिवशी माझ्या मनगटातून रक्त आलं आणि अर्धं औषध टॉवेलने प्यायलं. मग जमत गेलं. औषध ओढलेली पिचकारी आधी मुठीत धरून कोमट करायची, थंड असली तर जास्त झोंबतं. खांद्यामागची कातडी चिमटीत उचलायची, सुई तिरकी घालायची, आणि झाल्यावर तिथे शिंप्याच्या खडूने खूण करायची, म्हणजे उद्या तीच जागा परत येत नाही. मांजराच्या पाठीवर निळ्या, गुलाबी खडूच्या फुल्या. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका विचारायच्या, हिचं काय माप घेतलंस? दर सोमवारी कापडी पिशवीत घालून तिला मासळी तोलायच्या काट्याला अडकवायचं आणि वजन फोनवर बाईंना सांगायचं, कारण वजन वाढेल तसं औषध वाढवायचं होतं. चार दिवसांत ताप उतरला. दोन आठवड्यांत पोट बसलं.

तोवर श्रावण लागला होता. आमच्या घरात श्रावणात मासळी शिजत नाही, माझ्या सासूच्या सासूपासून शिजली नाही. बाईंनी सांगितलं होतं, ती जे खाईल ते खायला घाला. दूधभात पुढे ठेवला तर ती माझ्याकडे असं बघायची की माझीच मान खाली जायची. मग मी मागल्या अंगणात तीन दगड मांडले आणि तिच्यापुरती मासळी तिथे उकडायला लागले. वास थोडाच अंगणात थांबतो? पहिल्या दिवशीच गावभर झालं. देवाला चालतं का? मला माहीत नाही. मी त्याला विचारलं नाही, त्यानेही मला कधी काही विचारलं नव्हतं.

नणंद आली ती त्याच आठवड्यात. मागच्या अंगणातली चूल तिने पाहिली. मग पाणी प्यायला तिने फ्रिज उघडला. दुधाच्या पिशवीशेजारी बाटली होती. ती बाटली तिने हातात घेतली आणि नाव वाचलं. चष्मा लावून परत वाचलं.

"ह्यां कोणाचा?"

"मांजराचा."

बाटली तिने जागेवर ठेवली, फ्रिज बंद केला आणि पाणी न पिता गेली. त्यानंतर दीड महिना तिचा फोन नाही. दिराकडून कानावर यायचं, वन्सं म्हणतात हे बरं नाही केलं, माझ्या भावाच्या नावाचं मांजराला. मी दिराला सांगितलं, बोलायचं ते मला बोलायला सांग. तीही बोलली नाही, मीही गेले नाही.

चौथ्या आठवड्यात मांजराचे मागचे पाय लटपटायला लागले. चालताना कंबर एका बाजूला पडायची. विषाणू मेंदूकडे सरकला असेल, बाई म्हणाल्या, आणि औषध दीडपट केलं. त्या दिवसांत मी एकदाच हरल्यासारखी झाले. मशीनखाली टोपलीत ती पडून असायची, पातेल्यापर्यंतसुद्धा स्वतःहून जायची नाही. उचलून न्यायचं, धरून खाऊ घालायचं. अकरा वाजले की टोपलीतून डोकं वर काढायची, एवढंच. मी तिला म्हणायची, तू डोकं वर काढ, बाकीचं मी बघते.

औषध सुरू होऊन पन्नासएक दिवस झाले आणि म्हाळ आला.

म्हाळ म्हणजे पितृपंधरवड्यात, गेलेल्या माणसाच्या तिथीला घालायचं जेवण. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर, पाच भाज्या. सगळ्याचं एक पान वाढून मागल्या अंगणाच्या गडग्यावर ठेवायचं. गडगा म्हणजे चिऱ्यांचं कुंपण. कावळा शिवला की घरचे जेवतात. नाही शिवला तर गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय असं धरतात, आणि मग घरच्यांपैकी कोणी तरी मोठ्याने सांगायचं, तुझं अमुक आम्ही बघू, तमुक करू. शब्द द्यायचा. त्या पानापुढे दिलेला शब्द आमच्याकडे कोणी मोडत नाही. जमिनीच्या वाटण्या त्याच्यावर झाल्यात, रुसलेले भाऊ बोलायला लागलेत.

नणंद सकाळीच आली. मी वडे तळत होते, ती न बोलता पीठ थापायला बसली. घड्याळात पावणेअकरा झाले तेव्हा मी हात धुतले.

"आज नको," ती म्हणाली. दीड महिन्यात माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द. "तेचो दिवस आसा. आजच्या दिवस नको तां."

"वन्सं, एक दिवस चुकवून चलणा नाय."

"पान वाढूचा आसा."

"पान साडेअकराक वाढया. हेका अकरा म्हणजे अकरा."

मी शिलाईच्या खोलीत गेले, दार लोटलं, इंजेक्शन दिलं, गुलाबी खडूने खूण केली. मांजर ओरडली ती पार चुलीपर्यंत ऐकू गेली असणार. खिडकी उघडी ठेवून, तिला टोपलीत ठेवून मी परत कढईपुढे आले. नणंदेने माझ्या वाट्याचे वडेही तळून टाकले होते, थोडे काळे.

साडेअकराला दिराने पान गडग्यावर ठेवलं, पाणी फिरवलं, हात जोडले. आम्ही सगळे मागल्या दारी पडवीच्या छपराखाली उभे राहिलो. दिराची बायको, पोरं, जेवायला बोलावलेले शेजारी, मी, नणंद. दिराने "काव काव" करून हाक दिली. समोरच्या माडावर कावळा लगेच आला. मागोमाग दुसरा आला.

आणि दोघं माडावरच बसून राहिले.

एक झावळीवरून दुसऱ्या झावळीवर गेला, मान वाकडी केली, ओरडला. पानाकडे यायला पंख उघडले आणि परत मिटले. पाऊण तास गेला. पोरं भुकेने कुरकुरायला लागली, शेजाऱ्यांनी आपापसात बघितलं. दीर म्हणाला, "दादा, घराच्या कौलांचा काम यंदा करतंव." कावळा हलला नाही. "तुझो इंजिनाचो सामान इकूचंय नाय." कावळा हलला नाही. दिराच्या बायकोने, पोरांनी, जे सुचेल ते सांगून झालं.

"उगाच कित्याक बोलतास," नणंद म्हणाली. ती माझ्याकडे बघत होती. "तेचो जीव खंय अडाकलो तां सगळ्यांका म्हायती आसा."

दिराने मान खाली घातली, शेजारी माडाकडे बघायला लागले. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

"तू म्हण," ती मला म्हणाली. "उद्यापासून मांजराक सुई टोचूचंय नाय, असा म्हण. कावळो आत्ता खाली येतलो."

दीर हळूच म्हणाला, "वैनी, म्हण गो. पोरा उपाशी आसत."

मला एवढंच करायचं होतं. चार शब्द. म्हणायचं आणि उद्या गुपचूप टोचायचं, असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण त्या पानापुढे मी त्याच्याशी खोटं बोलणार नव्हते. आणि खरं म्हणायचं तर मांजर मरणार होतं. मशीनखालच्या टोपलीत, अकरा वाजता डोकं वर काढून, कोणी येतं का ते बघत.

"म्हणूचंय नाय," मी म्हटलं.

नणंदेचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "माझ्या भावाक गावूक नाय, तां तू मांजराक देतंस?"

"तेंका गावूक नाय म्हणानच देतंय."

हे मी तिला सांगायचं म्हणून ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं आणि मग मलाच कळलं की हेच आहे. त्या दिवसांत माझ्या हातात काही नव्हतं. दुकानदाराची हलणारी मान नव्हती, दवाखान्याचं दार नव्हतं, त्याचा श्वास नव्हता. आता एका जिवाचं औषध माझ्या फ्रिजमध्ये होतं, आणि ते तिथे असताना तो जीव सोडून दे असं मला कावळ्याने सांगितलं काय, माणसाने सांगितलं काय, मी ऐकणार नव्हते. मी पडवीची पायरी उतरून अंगणात गेले आणि माडाकडे बघून मोठ्याने बोलले. लोक काय म्हणतील याची चाड केव्हाच सुटली होती.

"ऐकतास मा? तुमच्या मांजराक मी मराक देवचंय नाय. रागाव करूचो तर करा. उपाशी रवूचा तर रवा. आमी सगळे उपाशी रवलव तरी चलात. पण उद्या अकराक मी तिका इंजेक्शन देतलंय."

मागे कोणीतरी "गप गो" म्हटलं. मी कावळ्यावरची नजर काढली नाही, आणि म्हणून मला ते दिसलं. कावळा माझ्याकडे बघतच नव्हता. पानाकडेही नाही. त्याची मान वाकडी होती ती आमच्या डोक्यांच्या वर, घराकडे.

मी मागे वळले.

पडवीच्या कौलांवर, अगदी कडेला, सगळ्यांच्या डोक्यांवर, मांजर बसली होती. पुढचे पाय पोटाखाली घेतलेले, शेपटीचं टोक तेवढं हलत होतं, आणि डोळे माडावरच्या कावळ्यांवर. पाठीवर गुलाबी फुली. छपराखाली उभ्या असलेल्या कोणालाही ती दिसणं शक्य नव्हतं. दिसत होती ती फक्त कावळ्यांना.

टोपलीतून मशीनवर, मशीनवरून खिडकीत, खिडकीतून रचलेल्या लाकडांवर आणि तिथून कौलांवर. मी मनात मोजल्या. चार उड्या. काल जिला पातेल्यापर्यंत उचलून न्यावं लागत होतं तिने, कोणी बघत नसताना, मागच्या पायांवर चार उड्या मारल्या होत्या.

माझी नजर कुठे लागलीय ते बघायला दीर खाली उतरला आणि त्याने लगेच बांबू उचलला. "कोणी हात लावूचो नाय," मी म्हटलं. मला ती तिथे बसलेली अजून बघायची होती. बाकीचेही एकेक करून अंगणात आले आणि माना वर करून उभे राहिले. एका शेजाऱ्याला हसू आवरेना. नणंद सगळ्यांत शेवटी उतरली. कपाळावर हात धरून तिने वर बघितलं.

"ही थंयसर चढली कशी?" तिने विचारलं.

"पायान," मी म्हटलं.

मग स्टूल ठेवून मी तिला खाली काढलं. रागावली होती, माझ्या हातातून कावळ्यांकडेच झेपावत होती. तिच्या मागच्या पायांची लाथ मला पोटात बसली आणि ती जोरात बसली, याचा मला केवढा आनंद झाला ते कोणाला सांगू? तिला घेऊन मी दारातून आत जाते न जाते तोच मागून पोरांचा ओरडा आला. कावळा पानावर उतरला होता. पहिला वडाच त्याने उचलला, नणंदेने तळलेला काळा.

गावात अजून सांगतात की मी मनातल्या मनात काहीतरी कबूल केलं म्हणून कावळा शिवला. सांगोत बापडे. चौऱ्याऐंशी दिवस पुरे झाले, त्यावर आणखी तीन महिने बाईंनी वाट बघायला लावली, ती बघितली. मांजर आहे. चालताना डावा पाय जरा बाहेर टाकते, पण कौलांवर तिचंच राज्य आहे आणि आमच्या माडावरचे कावळे दुसरीकडे राहायला गेलेत. पण मला सांगायचं आहे ते म्हाळाच्या दुसऱ्या दिवसाचं.

नणंद म्हाळाच्या रात्री मालवणला परत गेली नाही, राहिली. सकाळी भांडी घासली, तुळशीला पाणी घातलं, माझ्याशी कामापुरतंच बोलली. अकराला दहा मिनिटं कमी असताना ती शिलाईच्या खोलीत आली, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली आणि खांद्यावरचा टॉवेल मांडीवर पसरला.

"हाड तिका," ती म्हणाली आणि मांजर घ्यायला हात पुढे केले.

मी मांजर तिच्या मांडीवर दिलं. तिने टॉवेलमध्ये गुंडाळून पुढचे पाय एका हातात धरले आणि दुसरा हात मानेवर ठेवला, घट्ट पण न आवळता. पोर सांभाळलेले हात होते ते. मी पिचकारी मुठीत धरून उभी होते.

"दुखता तिका?"

"दुखता."

तिने मांजराच्या कानामागे अंगठा फिरवला. "तेका गावला असता," ती म्हणाली, "तर असाच धरून बसलंय असतंय मी. कितीव आरडलो असतो तरी सोडलंय नसतंय."

तिचे डोळे भरले होते, माझेही. पुसायला दोघींचाही हात मोकळा नव्हता. घड्याळात अकरा वाजले. मांजराने टॉवेलमधून डोकं वर काढलं, आणि मी तिच्या मानेमागची कातडी चिमटीत उचलली.